गळती नव्हे, गाळणी

शिक्षणखात्याच्या कागदांत एक शब्द फार जुना आहे. गळती. अमुक तालुक्यात गळती इतकी, तमुक विद्यापीठात गळती तितकी. छप्पर जुनं झालं की कौलातून पाऊस गळतो, तशी म्हणे पोरं गळतात. या शब्दात करणारा कुणी दिसतच नाही. मार्क कमी होते, इंग्रजी जमलं नाही, घरची परिस्थिती तशीच होती, पोरगं गळलं. फाईल बंद.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. तिथंही तार तुटते. तुटली की आम्ही ती जोडतो, त्याचाच पगार मिळतो. पण एकाच मशीनवर एकाच बाजूची तार सारखी तुटायला लागली तर जॉबर येऊन मशीन बघतो. स्पीड जास्त आहे का, खात्यातली ओल कमी झालीय का, कुठला भाग झिजलाय का. कापसाला शिव्या घालून तो निघून जात नाही. विद्यापीठांच्या कारखान्यात मात्र दीडशे वर्षांहून जास्त काळ एकाच बाजूची तार तुटतेय आणि शिव्या अजून कापसालाच चालल्यात. त्यांच्या भाषेत या शिव्यांना गुणवत्तेची चर्चा म्हणतात.

दोस्तांनो, आपल्याला प्रवेशाचा इतिहास पाठ आहे. कोणतं दार कधी उघडलं, कोणतं कलम कधी आलं, राखीव जागा किती, हे आपला शाळकरी पोरगाही सांगेल. आत गेल्यावर टिकायचं कसं, याचा इतिहास मात्र आपण कमी सांगतो. आपल्या जुन्या माणसांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या धरल्या नव्हत्या. हा लेख त्यासाठी.

सुरुवात १८५६ पासून करू. त्या वर्षी जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. फी भरायला तयार आहे, सरकारी शाळेत घ्या, एवढीच मागणी. सरकारनं कबूल केलं की न्याय या मुलाच्या बाजूनं आहे. आणि लगेच पुढं म्हटलं की एका मुलासाठी शाळा बाकीच्यांच्या उपयोगाची राहणार नाही, म्हणून घेता येत नाही. पुढच्याच वर्षी, १८५७ ला, मुंबई विद्यापीठ निघालं. म्हणजे विद्यापीठाचा पाया भरला जात होता तेव्हा आपलं पोरगं खालच्या शाळेच्या दाराबाहेर उभं होतं. मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला कमी मार्क पडले असं कुणी म्हणू शकत नाही. त्याला पेपरच दिला नव्हता. या नोंदीचा दाखला बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात दिला.

१८८२ साली हंटर कमिशन आलं. जोतीराव फुल्यांनी कमिशनला निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या कॉलेजात जातो, ही त्यातली गोष्ट आपण भाषणात सांगतो. पण त्याच निवेदनातल्या दोन बारीक मागण्या आपल्या विषयाच्या गाभ्यातल्या आहेत. पहिली शिष्यवृत्तीची. फुल्यांचं म्हणणं असं की नुसत्या चढाओढीवर शिष्यवृत्त्या वाटणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्यानं बाकीच्या जातींत विद्या पसरत नाही. म्हणून ज्या जातींत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवा. समान परीक्षा म्हणजे समान न्याय नव्हे, हे पुण्यातला एक माळी १८८२ ला सरकारला लेखी सांगत होता. आजचे विद्वान टीव्हीवर बसून तिथंच अडकलेत.

दुसरी मागणी खाजगी विद्यार्थ्यांची. विद्यापीठानं प्रवेश परीक्षेला बाहेरून बसायची मुभा दिली होती. फुले म्हणाले, हे चांगलं झालं, आता हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्या. बी. ए., एम. ए. ला घरी अभ्यास करून बसता आलं तर कितीतरी पोरं शिकतील. यात त्यांनी एक गोष्ट अचूक पकडली होती. गरिबाला अक्कल कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. दिवसा कामावर जाणाऱ्याला वर्गाची हजेरी परवडत नाही. महाराष्ट्रात मुक्त विद्यापीठ निघालं नाशिकला, १९८९ साली. मागणीनंतर एकशे सात वर्षांनी. रात्रपाळी करून पुस्तकं वाचणाऱ्या माझ्यासारख्याला हा हिशेब नीट समजतो.

आता कोल्हापूर. शाहू महाराजांचा १९०२ चा जाहीरनामा आपल्याला तारखेसकट माहीत असतो. २६ जुलै, रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांना. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ ला, महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. मग जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं. १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. क्रम बघा. नोकरीतल्या राखीव जागेच्या आधी राहायची खोली आणि ताटातली भाकरी. राजाला कळत होतं की खेड्यातला पोरगा कोल्हापुरात आला तर त्याला जात विचारल्याशिवाय कुणी पडवीही देणार नाही. मग शाळेचं दार सताड उघडं असून काय करायचं? तो रात्री झोपणार कुठं?

आणि आता आपल्या बापाकडं येऊ. बाबासाहेबांचं शिक्षण आपण पदव्यांच्या यादीसारखं वाचतो. फोटोखाली ओळीनं छापलेल्या असतात. त्या पदव्यांच्या मधल्या फटी वाचायची सवय आपण लावून घ्यायला पाहिजे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मार्क ७५० पैकी २८२. शंभराला अडतीससुद्धा पडत नाहीत. त्या काळची मॅट्रिक कडक होती आणि अस्पृश्य पोरानं ती पास होणं हेच एवढं मोठं होतं की सत्काराची सभा झाली. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र पोराच्या हातात दिलं. तरी आकडा तो आकडाच. शिवाय संस्कृत शिकायची इच्छा असून शिकू दिलं नव्हतं, म्हणून फारशी घ्यावी लागली होती. म्हणजे कोणत्या विषयात मार्क मिळवायचे हेही जातीनं ठरवलेलं. आजच्या कट-ऑफवाल्यांच्या हातात ही गुणपत्रिका द्या आणि नाव झाकून ठेवा. ते सांगतील, हा मुलगा उच्च शिक्षणाला लायक नाही.

एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश मिळाला. इंटरपर्यंत निभावलं. पुढं रामजीबाबांच्या पेन्शनीत बसेना. इथं हा पोरगा गळला असता. तेव्हाच्या अहवालात एक आकडा वाढला असता, बस्स. गळला नाही, कारण केळुसकर गुरुजी त्याला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडं गेले आणि महिन्याला पंचवीस रुपये सुरू झाले. कॉलेजातले प्रोफेसर म्युलर पुस्तकं आणि कपडेही देत. पंचवीस रुपये, काही पुस्तकं, अंगावरचे कपडे आणि पाठीशी उभा राहणारा एक मास्तर. गुणवत्ता ज्याला म्हणतात ती या चार गोष्टींच्या आधारानं उभी राहिली.

१९१३ ला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया. तिथून १९१६ ला लंडन. आणि १९१७ ला काय झालं? शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. आजच्या फॉर्ममध्ये याला सरळ शब्द आहे, ड्रॉपआऊट. जगातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसांत ज्यांची गणना करतो, त्यांच्याही शिक्षणाची तार एकदा तुटली होती, आणि तुटली ती पैशापायी.

पण ती जोडता आली. कशी, ते नीट ऐका. लंडनचे प्रोफेसर एडविन कॅनन यांनी मध्ये पडून विद्यापीठाची परवानगी मिळवून दिली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत हा विद्यार्थी परत येऊन अभ्यास पुरा करू शकेल. नाव कापलं नाही. मग बडोद्यात राहायला जागा न मिळण्याचा अपमान झाला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी झाली. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी कर्ज दिलं आणि १९२० ला बाबासाहेब परत लंडनला गेले. १९२१ ला एम. एस्सी., १९२३ ला डी. एस्सी. ती चार वर्षांची मुभा नसती तर आपण आज फोटोखाली एवढी अक्षरं छापली नसती.

हे सगळं ज्याच्या अंगावरून गेलं, तो माणूस १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात उभा राहिला तेव्हा त्यानं नुसता प्रवेश मागितला नाही. मार्च १९२७ च्या शिक्षणाच्या अनुदानावरच्या भाषणात त्यांनी आकडा मांडला. प्राथमिक शाळेत शंभर पोरं येतात, त्यातली अठरा चौथीपर्यंत पोचतात. ब्याऐंशी परत निरक्षरांत जमा. शाळेत आलेलं प्रत्येक मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू असला पाहिजे, असं त्यांनी बजावलं. आणि सरकारला हिशेब विचारला. शिक्षणावर माणशी चौदा आणे घालता आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त काढता. आमच्याकडून घेता तेवढं तरी आमच्या शिक्षणावर घाला.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्याची दुरुस्ती चर्चेला होती. तिथं बाबासाहेबांनी विद्यापीठ कशासाठी असतं याचा मुळातून विचार मांडला. परीक्षा घेणं आणि पदव्या वाटणं एवढंच करणारं विद्यापीठ कोणत्याही सुधारलेल्या देशात स्वतःचं समर्थन करू शकणार नाही. सर्वांत वरचं शिक्षण गरजू आणि गरिबाच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम. दारापर्यंत नेणं, असं ते म्हणाले. आपण विद्यापीठाच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि त्यांनी वजनकाट्यावर आपल्याला तोलायचं, ही कल्पनाच त्यांनी उलटी केली.

नुसतं बोलले असते तर ते आमदार राहिले असते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ला निघाली आणि जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरू झालं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर १९४२ ला अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं, त्यातून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज कॉलेजात जाणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या खात्यात जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती येते किंवा येत नाही, तिचं मूळ तिथं आहे. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. वर्ग सकाळचे, म्हणजे पोराला दिवसा नोकरी करता यावी. १८८२ ला फुल्यांनी ओळखलेली वेळेची अडचण इथं वेळापत्रक बदलून सोडवली. कॉलेजनं कामगार पोराच्या घड्याळाप्रमाणं चालायचं!

१९५० ला औरंगाबादला मिलिंद. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकताच सुटलेला. खेड्यांत शाळाच नाहीत तिथं प्रवेशाचा कट-ऑफ कसला लावता? नागसेनवनात कॉलेजाबरोबर वसतिगृहं उभी राहिली. गावकुसाबाहेरची पोरं ट्रंक आणि वळकटी घेऊन आली. व्याकरण चुकायचं, उच्चार चुकायचे. त्याच आवारात म. ना. वानखेडे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे शिकवत होते, आणि तिथूनच १९६८ ला ‘अस्मितादर्श’ निघालं. ज्यांची भाषा अशुद्ध ठरवली होती त्यांनी मराठी वाङ्मयाला नवी भाषा दिली. आज ही पानं आपण वाचतोय ती त्या वसतिगृहांची देणगी आहे.

आता जरा दूर जाऊ, पण रस्ता ओळखीचा आहे. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये ज्या कोलंबियात शिकले, तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हार्लेम ही काळ्यांची वस्ती आहे आणि त्या वस्तीत सिटी कॉलेज आहे. १८४७ सालचं, फी न घेणारं सरकारी कॉलेज. आजूबाजूला सगळे काळे आणि आत बहुतेक गोरे, कारण प्रवेशाला मार्कांची अट. ज्यांच्या नावावरून १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरच्याच काळात, एप्रिल १९६९ मध्ये, काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या इमारती ताब्यात घेतल्या. शेवटी १९७० पासून शहराच्या विद्यापीठानं जाहीर केलं की शहरातल्या हायस्कूलातून पास होणाऱ्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळेल. पहिल्या वर्षाला आदल्या साली वीस हजाराच्या आसपास पोरं होती, ती एका झटक्यात पस्तीस हजारांवर गेली.

दार उघडल्यावर पुढं काय करायचं याचीही थोडी तयारी तिथं आधीपासून होती. सीक नावाची योजना होती. त्यात पैसे, मार्गदर्शक आणि कच्च्या विषयांचे जादा वर्ग. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन अशा कवयित्री त्यात शिकवायच्या. मीना शॉनेसी नावाच्या बाईंनी प्रवेश घेतलेल्या पोरांचे हजारो निबंध तपासले आणि १९७७ च्या पुस्तकात दाखवून दिलं की या चुका मूर्खपणाच्या नाहीत, त्यांच्यामागं पोरांचं स्वतःचं तर्कशास्त्र आहे, ते समजून घेतलं तर शिकवता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाईंनी कापसाला शिव्या दिल्या नाहीत, मशीन उघडून बघितलं.

पण व्यवस्था तिथलीही हुशार. १९७५ ला शहर कर्जात बुडालं आणि पहिली कुऱ्हाड विद्यापीठावर पडली. मास्तर कमी केले, आणि १९७६ ला फी लावली. गोरी पोरं शिकत होती ती सव्वाशेहून जास्त वर्षं फी नव्हती. काळी पोरं आत आली आणि सहा वर्षांत फी आली. वर गर्दी, खाली पैसा बंद, आणि मग बोंब ठोकली की दर्जा घसरला. १९९८-९९ ला मोठ्या कॉलेजांतून कच्च्या विषयांचे वर्गही काढून टाकायचं ठरवलं.

तरी आकड्यांनी शेवटी साक्ष दिलीच. पॉल ॲटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या दोन अभ्यासकांनी १९७० ते ७२ मध्ये तिथं प्रवेश घेतलेल्या सुमारे दोन हजार बायकांचा तीस वर्षांनी माग काढला आणि २००७ ला पुस्तक छापलं. ७० टक्क्यांहून जास्त बायकांनी पदवी मिळवली होती. कुणी नोकरी धरून, कुणी लेकरं वाढवून, मध्ये खंड पाडून, पण मिळवली. चार-सहा वर्षांनी मोजलं असतं तर यातल्या कितीतरी जणी गळती म्हणून नोंदल्या गेल्या असत्या. कॅननसाहेबांनी बाबासाहेबांना मिळवून दिलेली चार वर्षं आणि या बायकांची तीस वर्षं, गोष्ट एकच आहे. तुटलेली तार जोडायची मुभा ठेवा, माणूस परत येतो.

आपल्याकडं असा प्रयोग झालाच नाही असं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सत्तरच्या दशकात प्रवेशाच्या वेळी मागास जिल्ह्यातून आणि गरीब घरातून आलेल्यांना वाढीव गुण धरायची पद्धत होती. पोरगा कुठून धावत आला हे मोजूनच त्याचा वेग ठरवायचा. १९८३ ला आंदोलन चिरडताना ती पद्धत मोडली. विद्यार्थ्यांनी लढून नव्वदच्या दशकात परत आणली. म्हणजे प्रवेशाचा निकष आभाळातून पडत नाही. माणसं बसून तो ठरवतात, आणि माणसं उभी राहून तो बदलायला लावतात.

आता आजचं बोलू. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं लोकसभेत माहिती दिली की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मधून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांचे १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. त्यात अनुसूचित जातीचे ३,६८०. कारण काय दिलं? विद्यार्थ्यांपुढं पर्याय पुष्कळ असतात, ते इकडून तिकडं जातात. वाहवा! एवढे पर्याय आपल्या पोरांपुढं कधी आले ते आपल्याला कळलंच नाही. ही सगळी पोरं कट-ऑफ ओलांडून आत गेली होती. मग आता मार्कांचं कारण चालणार नाही म्हणून पर्यायांचं कारण काढलं.

दिल्लीच्या एम्समध्ये २००७ ला थोरात समितीनं अहवाल दिला. वसतिगृहात वेगळं पाडणं, जेवणाच्या टेबलावर वेगळं पाडणं, मास्तरांनी टाळणं, सगळं लिहून ठेवलं. आणि हैदराबादचा रोहित वेमुला. त्याची लढाई पुन्हा वाचा. महिन्याची फेलोशिप अडकवली, सात महिन्यांचे पावणेदोन लाख रुपये थकले. मग वसतिगृहातून बाहेर काढलं. तो आणि त्याचे चार साथी उघड्यावर वेलिवाडा उभारून राहिले. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. आधी पैसा, मग खोली. शाहू महाराजांनी आणि बाबासाहेबांनी जे आधी दिलं, तेच यांनी आधी काढून घेतलं. गाळणी कुठं धरायची हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

एवढं मोठं नाव नसलेली पोरं तर रोज जातात. आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, विज्ञानाला प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही. कॉलेजनं सांगितलं, आधी फी भर, मग परीक्षेचा फॉर्म. बाप बिगारी. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती परत गेली नाही. प्रवेशाच्या दिवशी आम्ही कार्यकर्त्यांनी तिचा सत्कार केला होता. ती परत गेली नाही त्या दिवशी कुणीच आलं नाही. कारण त्या दिवसाची तारीख कुणाच्या डायरीत नसते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जूनमध्ये आपण सगळे कॉलेजच्या फाटकावर असतो. फॉर्म भरून देतो, दाखले काढून देतो, जागा डावलली तर घेराव घालतो. हे सोडायचं नाही. पण नोव्हेंबरमध्ये दुसरी यादी करायची. आपल्या वस्तीतून, आपल्या तालुक्यातून यंदा कोण कोण कॉलेजात गेलं आणि दिवाळीनंतर कोण परत गेलं नाही. ज्याचं नाव दुसऱ्या यादीत नाही त्याच्या घरी जायचं. हप्ता अडला असेल तर समाजकल्याणच्या कचेरीत जाऊन बसायचं. खोली नसेल तर वसतिगृहाची मागणी, आणि तोवर आपल्यापैकी कुणाच्या घरी पथारी. इंग्रजी अडत असेल तर आपल्यातला जो पुढं गेलाय त्यानं रात्री दोन तास बसायचं. खंड पडला असेल तर नाव कापू नका, परत घ्या, ही मागणी विद्यापीठाकडं लेखी करायची आणि निवेदनात १९१७ ची लंडनची परवानगी दाखला म्हणून लिहायची. बघू, कुठला कुलगुरू नाही म्हणतो.

आणि यापुढं आपल्या भाषणात, पत्रकात, भिंतीवर गळती हा शब्द लिहायचा नाही. आपली पोरं गळत नाहीत. त्यांना गाळलं जातं. गाळणाऱ्याचं नाव, कचेरीचा पत्ता आणि अडकवलेल्या हप्त्याची तारीख, हे तीन रकाने वहीत आखा आणि या नोव्हेंबरपासून भरायला लागा.

जय भीम.